राजाने हात हलवला

पिंट्याने खुलासा केला नसता तर काय बिघडलं असतं?

सकाळपासून मी नुसती हवेत होते. राजाने हात हलवला. राजा म्हणजे मी पाळलेला सरडा, बिअर्डेड ड्रॅगन. मला बघून हलवला. पुढचा उजवा पाय सावकाश उचलला, हवेत गोल फिरवला आणि परत खाली ठेवला. शेजारच्या काकूंना सांगून झालं. वहिनीला दोनदा सांगून झालं. व्हिडिओ काढून पिंट्याला पाठवला, तर दुपारी त्याचं उत्तर: "आत्या, तो नमस्कार नाहीये. समोरचा मोठा आहे, मी लहान आहे, मला काही करू नकोस, असं सांगतात ते. दबून असले की करतात." आणि खाली एक हसरा चेहरा. हसायला काय झालं त्याला?

म्हणजे राजा मला घाबरतो. घाबरते. जोडी म्हणून विकलेली, राजा नर आणि राणी मादी म्हणून, आणि इथे आल्यावर दोघींची पोटं दिसायला लागली. नाव बदलायचं राहूनच गेलं.

घाबरते. मला?

रोज उन्हं चढायच्या आत शेवग्याचा पाला कोण तोडतं? पालक नाही, अळू तर अजिबात नाही, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, हे वाचून पाठ कोणी केलं? लाल भोपळा किसून. जास्वंदीची फुलं, देवाला एक तर यांना दोन. पार्सलने येणारे रातकिडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, बोंबील रव्यात घोळवतात तसे, आणि ते उड्या मारत स्वयंपाकघरभर पळाले की ओणवं होऊन शोधायचे, तेही मीच. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की यांचा दिवा, असा प्रश्न असतो, आणि उत्तर रोज दिवाच. मी घामाने निथळत बसते आणि बाईसाहेब चाळीस अंशांच्या उजेडात दगडावर पोट टेकून पडलेल्या. एवढं करून घाबरते.

मूळ जनावर मध्य ऑस्ट्रेलियातलं, रखरखीत मुलखातलं. हवेत तीस-चाळीस टक्के दमटपणा असला की खूश. आमच्या माजघरात काटा पंचाऐंशीच्या खाली यायला तयार नाही, आणि खरा पाऊस अजून लागायचाय. रोहिणी चालू आहेत, आगोटीची खरेदी अर्धी राहिलीय, सुकी मासळी डब्यात भरायचीय आणि मी काय करतेय, तर सरड्याच्या मनात काय आहे याचा विचार.

काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "घोरपड पाळलीस काय गो? धरून नेतील तुला." त्यांना सगळं समजावून सांगितलं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावणं गुन्हा, ही ती नव्हे. ही बिअर्डेड ड्रॅगन. ऑस्ट्रेलिया स्वतःची रानटी जनावरं व्यापाराला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे जगभर घरोघरी आहेत ती माणसांकडेच जन्मलेली, त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही. काकू म्हणाल्या, "पण दिसते घोरपडच." त्या कुठे मला घाबरतात!

राजाने अंडी घातली त्या दिवसाचं लिहायचं राहिलंय.

आधी खाणं सोडलं. मग काचेच्या कोपऱ्यात नखं घासायला लागली, दिवसभर, रात्री दिवा मालवला तरी. कुशीला हलकं बोट लावलं तर आतली अंडी एकेक हाताला लागत होती. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते आधी हसले. मग कॅल्शियमचं बोलले तेव्हा गंभीर झाले. गाय व्यायली की तिला दुग्धज्वर होतो, अंगातलं कॅल्शियम एकदम दुधात जातं आणि ती उभीच राहू शकत नाही, हे इथे कुणालाही माहीत आहे. हिचं तसंच, कवचाला कॅल्शियम लागतं, आणि अंडी बाहेर ढकलायला जे स्नायू आवळावे लागतात त्यांनाही लागतं. कमी पडलं तर पाय थरथरतात, अंडी आत अडकतात. आणि नुसती पावडर चारून भागत नाही, ती अंगी लागायला ऊन हवं. खिडकीच्या काचेतून आलेलं नाही, काच त्यातला कामाचा भाग अडवते. म्हणून खास नळी लावायची किंवा पिंजरा अंगणात न्यायचा. अंगणात कावळे, घार आणि काकूंचं मांजर. म्हणजे मी पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन बसले. सांगण्यासारखं नाही, पण बसले.

वाळूचा घोळ वेगळाच. समुद्र पाच मिनिटांवर, वाळूला काय तोटा, पण ती खारी. शेवटी बांधकामावरून नदीची रेती आणली, कोकोपीट मिसळलं, पाणी शिंपडलं. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि पाणी गळता कामा नये. मोठ्या क्रेटमध्ये वीतभर जाड थर केला. तिने हुंगून बघितलं आणि त्यावर चक्क झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र सुरुवात केली. कुणी बघतंय असं वाटलं तर खोदणं सोडून देतात म्हणून मी क्रेटवर जुनी साडी टाकली आणि फटीतून बघत राहिले. पुढच्या पायांनी उकरायची, मागच्यांनी बाहेर फेकायची. होता होता फक्त शेपूट दिसायला लागली. मग आतच उलटी फिरली, तोंड बिळाच्या दाराशी आणि शेपूट आत. डोळे अर्धे मिटलेले. तासभर तशीच. आवाज नाही. गाय हंबरते, कोंबडी घर डोक्यावर घेते, हिचा एक सूर नाही. अण्णा त्या शेवटच्या महिन्यात... जाऊ दे.

मग बाहेर आली, सगळी रेती परत लोटली आणि नाकाने ठोकून ठोकून चापून बसवली. इतकी सफाईने की मला जागा ठाऊक नसती तर सापडली नसती. कुशी आत गेलेल्या, कातडी लोंबलेली. पाणी पाजलं ड्रॉपरने, ते प्यायली. त्यानंतर क्रेटकडे ढुंकून पाहिलं नाही. तिचं काम संपलं.

१९ निघाली. मऊ कातड्याच्या कवचाची, पांढरी. मावशी बघायला आल्या, त्यांनी आजवर किती खुडूक कोंबड्या बसवल्यात त्याला गणती नाही, सवयीने हात पुढे केला अंडी फिरवायला. मी ओरडलेच. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात, सरड्याची घातल्यावर फिरवायची नसतात, आतला जीव कवचाला चिकटून वाढतो, उलटं केलं की गुदमरतो. पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करायची आणि तशीच उचलून ठेवायची. मावशींनी हात मागे घेतला, म्हणाल्या, "ओरडता कशाला? सांगा की." आणि क्रेटपासून दोन पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता पिंट्याचा निरोप वाचल्यापासून ती दोन पावलं आठवतायत.

आणि वहिनी. "अंड्यांचा डबा देवघराच्या कोनाड्यात ठेवू का? तिथे गार आहे," असं मी विचारलं, तर म्हणाली, "हो हो, ठेवा की, तुम्ही म्हणाल तसं." तिच्या देवघरात सरड्याची अंडी. हो हो कसलं? शिकवणीची मुलंसुद्धा "समजलं ना" म्हटलं की सगळी एका सुरात "हो बाई". त्यातल्या किती जणांना समजलेलं असतं ते चाचणीत कळतंच.

आज दुपारभर हेच. वीस वेळा काचेपाशी गेले असेन. दरवेळी हात हलवला नाही तिने. एकदा हलवला. मी मुद्दाम खाली वाकून, डोळे तिच्या पातळीला आणून बघितलं, तर परत हलवला. मी मागे सरकले, तर थांबली. म्हणजे बरोबरच आहे त्याचं. मला जरा रडूच आलं, सांगायला लाज वाटते. सरड्यासाठी! अण्णा असते तर म्हणाले असते, सुरमई महाग झाली म्हणून रड, त्याला काही अर्थ तरी आहे.

संध्याकाळी दिवा लावायला गेले आणि डबा बघितला. कोनाड्यात २९ अंश, छान. साधारण तीस धरायचे आणि दोन-सव्वादोन महिने वाट बघायची, म्हणजे श्रावण. माजघरात ठेवली असती तर तिथे दुपारी चौतीस होतात. तेव्हा एक वाचलेलं आठवलं आणि एकटीच हसले. या जातीत नर-मादी बीज धरतानाच ठरलेलं असतं, पण अंडी बत्तीस अंशांच्या वर उबवली तर मुळात नर असलेल्या गर्भाची मादी होते, चांगली अंडी घालणारी मादी. ऑस्ट्रेलियातल्या रानात अशा माद्या सापडल्याचं २०१५ साली छापून आलं. अशा माद्या साध्या माद्यांपेक्षा जास्त अंडी घालतात असंही त्यांना दिसलं. कोण जाणे, विकणाऱ्याचं खरंही असेल. मुळात राजाच असेल, कुणाच्या तरी गरम खोलीने राणी केलेली. मग घाबरली तर नवल काय? एवढं सगळं झाल्यावर मीही हात हलवला असता.

आणि दुसरं असं, की हात हलवणं म्हणजे त्यांच्यातली फार मोठी भीती नव्हे. खरी घाबरली किंवा चिडली की गळ्याखालची दाढी फुगवून काळीकुट्ट करते. ती माझ्यासमोर एकदाही केलेली नाही, काकूंच्या मांजरासमोर केली. म्हणजे मांजराच्या खाली माझा नंबर. शिवाय हे इशारे सरडे सरड्यांना करतात, लहान मोठ्याला. तिच्या हिशेबी मी एक मोठी सरडी आहे, वाडीची मालकीण. या वयात बढती मिळाली म्हणायची. पिंट्याला हे कळवलं, त्याने पुन्हा तोच चेहरा पाठवला. या वेळी चालला मला.

अंड्यांत जीव आहे की नाही ते अजून कळायचंय. नराशिवायही घालतात, कोंबडीसारखीच. पण एकदा संग झाला असेल तर बीज महिनोन्महिने पोटात जपून ठेवतात आणि त्याच्यावर पुढची अंडी निघतात, तेव्हा दुकानात काय झालं ते यांनाच ठाऊक. मावशी टॉर्च लावून बघणार आहेत, लांबूनच, मी धरायचं आणि त्यांनी सांगायचं, असं ठरलंय. लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. सगळीच फळली तर १९ पिल्लं घेऊन मी काय करणार? नको असतील तर लगेच फ्रीजरमध्ये ठेवतात म्हणे. फ्रीजरमध्ये ओलं खोबरं आणि पावसाळ्याची सुरमई आहे. हे मी अजून कुणाशी बोललेले नाही.

खिडक्यांना जाळी मारून घेतली आज. काजवे सुरू झालेत, परसातल्या आंब्यावर काल रात्री लखलखाट होता. दरवर्षी आम्ही पडवीत बसून बघतो. अमेरिकेत एकच काजवा खाऊन या जातीचे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत, त्यांच्या अंगात हृदय बंद पाडणारं विष असतं. आपले काजवे तसेच आहेत की नाहीत याची परीक्षा मला घ्यायची नाही.

खरी काळजी राणीची आहे. तिचं पोट राजापेक्षा मोठं, खाणं कधीचं सुटलंय आणि ती खोदतच नाही. ताजी रेती केली, साडी टाकली, सगळं केलं. नुसती पडून असते. डोळे अजून खोल गेलेले नाहीत, मान वर धरते, म्हणून आजची रात्र थांबायचं. उद्या सकाळी खोदायला लागली नाही तर पुण्याला न्यायची. तिथे एक डॉक्टर सरडे बघतात, कॅल्शियमचं इंजेक्शन देतात आणि नाहीच जमलं तर ऑपरेशन. चिपळूणपर्यंत एसटी, पुढचं तिथे बघू. टोपलीत काय आहे विचारलं तर काय सांगायचं ते कंडक्टरचा चेहरा बघून ठरवेन.

मग इथे राजाला खायला कोण घालणार आणि डब्याचं तापमान कोण बघणार? वहिनीला विचारायला हवं. ती "हो हो" म्हणणार. या वेळी तिला खाली बसवून नीट विचारते, खरंच जमेल का, रातकिड्यांची किळस येते का, देवघरातला डबा हलवू का. नाही म्हणाली तर मात्र पंचाईत आहे. काकू तर राजाला अजून घोरपडच म्हणतात.

लाईट गेली. इन्व्हर्टर बघते.