८७ वर अडकलेला ऑक्सिमीटर

मुलगा १२ वर्षांचा, वजन ३० किलो, पोटात बर्किट लिम्फोमा या कर्करोगाची गाठ. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होते, आणि केमोथेरपीचा पहिला थेंब जाण्याआधीच तिच्या पेशी फुटू लागलेल्या असतात. दुपारच्या रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड १४.२, फॉस्फेट ८.१, पोटॅशियम ५.८, कॅल्शियम ७.४, क्रिएटिनिन १.६. कॅल्शियम कमी, बाकी सगळं चढलेलं, म्हणजे ट्यूमर लायसिस (गाठीच्या पेशी फुटून त्यांतला माल रक्तात उतरणं) सुरू झालेला होता.

सलाईन दर चौरस मीटरला दिवसाला ३ लिटर या हिशेबाने लावलं. त्याच्या अंगाला ते तासाला सुमारे १३० मिली पडतं. त्यात पोटॅशियम अजिबात नाही. कॅल्शियम कमी दिसलं तरी झटके किंवा हृदयाच्या ठोक्यांत गडबड नसेल तर ते शिरेतून भरायचं नाही, कारण फॉस्फेट इतकं चढलेलं असताना दोन्ही मिळून मूत्रपिंडातच साका धरतात. अ‍ॅलोप्युरिनॉल नवं युरिक अ‍ॅसिड बनू देत नाही, पण आधीच साठलेल्याला हात लावत नाही. म्हणून साठलेलं मोडणारं रासबुरिकेज, किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिलिग्रॅम, अर्ध्या तासात. जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असेल तर हे औषध त्या पेशी फोडतं. त्याचा नमुना सकाळीच गेला होता, रिपोर्ट यायला दोन दिवस. आईला विचारलं, कधी कावीळ, कधी लालसर लघवी? नाही म्हणाली. त्या ‘नाही’वर आम्ही औषध सुरू केलं. त्या वेळी ते बरोबर वाटलं होतं.

रात्री अकराला ऑक्सिमीटर ८७ दाखवू लागला. मास्कने ऑक्सिजन दिला, तरी ८७. इतकं सलाईन चाललेलं, तेव्हा छातीत पाणी झालं असणार, असं ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला वाटलं. सलाईन कमी करून फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवून पाणी काढणारं औषध, द्यायच्या बेतात तो होता. त्या मूत्रपिंडांना त्या रात्री ते महागात पडलं असतं. पण छाती स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ, श्वासाची गती जेमतेम वाढलेली. ओठ मात्र राखाडी-निळे.

धमनीतलं रक्त काढलं, ते चॉकलेटच्या रंगाचं. पांढऱ्या गॉजवर एक थेंब टाकून हलवला. साधं काळपट रक्त हवा लागली की लाल होतं. हे तपकिरीच राहिलं. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब २१०. ऑक्सिजन भरपूर आणि ऑक्सिमीटर ८७, हे दोन्ही खरं असेल तर हिमोग्लोबिनच बिघडलेलं आहे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या को-ऑक्सिमीटरने मेथिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन, २४ टक्के सांगितलं. एरवी ते १ टक्क्याच्या आत असतं. साधा ऑक्सिमीटर दोन लांबींच्या प्रकाशावर चालतो आणि मेथिमोग्लोबिन दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच शोषतं. त्यामुळे ते जितकं वाढेल तितका आकडा ८५ च्या आसपास येऊन बसतो, पेशंट कितीही बिघडला तरी.

मेथिमोग्लोबिन म्हटलं की हात त्यावरच्या नेहमीच्या औषधाकडे, मिथिलीन ब्लूकडे जातो. अँपूल काढलंही होतं. सिस्टरांनी विचारलं, “डॉक्टर, जी-सिक्स-पीडी आलं का?” हात तिथेच थांबला. रासबुरिकेज युरिक अ‍ॅसिडचं अ‍ॅलँटॉइन करतं, आणि त्यातल्या प्रत्येक रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू सुटतो. तो पेशीला इजा करणारा रेणू निकामी करायला लाल पेशीला एनएडीपीएच नावाचा मदतनीस रेणू लागतो, आणि लाल पेशीत तो जी-सिक्स-पीडीच पुरवतं. मिथिलीन ब्लूलाही काम करायला तेच एनएडीपीएच हवं. म्हणजे जी-सिक्स-पीडी कमी असेल तर मिथिलीन ब्लू उपयोगी पडणार नाही, उलट उरलेल्या पेशीही फोडेल. खरं तर रिपोर्टची वाट पाहायची गरजच नव्हती: रासबुरिकेजनंतर मेथिमोग्लोबिन चढलं, हाच कमतरतेचा पुरावा धरून चालायचं.

रासबुरिकेज कायमचं बंद, ऑक्सिजन चालू. व्हिटॅमिन सी बेताच्या मात्रेतच, कारण मोठ्या डोसने या मुलांच्या पेशी फुटू शकतात. पहाटे लघवी कोलासारखी झाली, हिमोग्लोबिन ९.४ वरून ६.१. किलोला १० मिली या मापाने ३०० मिली लाल पेशी चढवल्या, तेही ताजं रक्त मागवून. जुन्या पिशवीत पोटॅशियम झिरपलेलं असतं, आणि इथे ते आधीच काठावर होतं. सकाळी मेथिमोग्लोबिन ११, संध्याकाळी ३.

युरिक अ‍ॅसिड ०.४ आलं, पण नळी बर्फात ठेवली होती का, हे विचारल्याशिवाय तो आकडा मानायचा नसतो. रासबुरिकेज नळीतही काम करत राहतं आणि आकडा खोटाच खाली आणतं. थंड केलेली हेपरिनची नळी, बर्फाचं पाणी, ४ तासांच्या आत तपासणी. नमुना नीट गेला होता. क्रिएटिनिन मात्र २.१ झालं आणि फॉस्फेटसाठी एकदा डायलिसिस करावं लागलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला: कमतरता. नमुना आधीचा होता म्हणून तो कळला. रक्त चढवल्यावर पाठवला असता तर रक्तदात्याच्या पेशींनी आकडा नॉर्मल दाखवला असता. दोष एक्स गुणसूत्रावरचा, आईकडून आलेला, म्हणून धाकट्या भावाचीही तपासणी पाठवली. फाईलवर लाल अक्षरात तीन नावं लिहिली: रासबुरिकेज, मिथिलीन ब्लू आणि डॅप्सोन. तिसरं यासाठी की केमोथेरपीच्या पुढच्या महिन्यांत न्युमोनियापासून बचावाचं औषध निवडताना कुणीतरी तेच लिहून देऊ शकतं.