पावसाळ्यातला घरचा सराव: सहा आठवड्यांची नोंद

पाऊस लागला आणि लेकीचं फुटबॉलचं मैदान सुटलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचे सामने पावसाआधीच आटोपतात, गांधी मैदानात पाणी साचतं, आणि नऊ वर्षांच्या पोरीला चार महिने बॉलशिवाय ठेवणं मला जमणारं नव्हतं. म्हणून घरातला सोपा (पुढची ओसरी) मोकळा केला. दहा फूट बाय बारा फूट, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला भक्कम दगडी भिंत. बॉल चार नंबरचा. आठ ते बारा वर्षांच्या पोरांना हाच द्यावा. पाच नंबरचा त्यांच्या पायाला जड जातो आणि मग पोरं चवड्याच्या टोकानं ढोसायला लागतात.

पहिला आठवडा वाया गेला. बाटल्या मांडून ड्रिब्लिंग, म्हणजे त्यांच्यामधून पायानं बॉल नेणं, तळव्यानं बॉल पुढेमागे, तेच तेच. तिसऱ्या दिवशी ती कंटाळली. ओल्या पायानं घसरून कोपरही खरचटलं. तेव्हापासून आधी फरशी कोरडी पुसायची आणि सपाट रबरी तळाचे बूट घालायचे, हा नियम.

खरी गंमत दुसऱ्या आठवड्यात सापडली, तीही आईमुळे. शाळा सकाळची, त्यामुळे सराव दुपारी. आणि दुपारी दोन ते तीन आई आतल्या खोलीत झोपते. लेकीला म्हटलं, "आजी उठली तर तू हरलीस." जुन्या पायमोज्यांचा गच्च गोळा करून दिला. तो भिंतीवर मारायचा, परत आला की आवाज न करता पायाखाली थांबवायचा. मोज्याचा गोळा नीट उसळत नाही, म्हणून पाय त्याच्यापर्यंत न्यावाच लागतो.

चौथ्या दिवशी तिनं स्वतःहून खरा बॉल मागितला. पहिलाच पास परत आला आणि पायावर 'ठप्प' वाजला. आतून आवाज, "काय गं, काय पाडलंस?" दुसऱ्या वेळी मी शेजारी बसून फक्त तिचा घोटा बघत होतो. बॉल टेकायच्या क्षणी तिनं पाय वीतभर मागं घेतला, घोटा ढिला सोडला, आणि बॉल तिच्या पायाच्या आतल्या बाजूला येऊन निवांत थांबला. आवाज जवळजवळ नाहीच. पास मारताना घोटा घट्ट, घेताना ढिला, हे मी तिला वर्षभर सांगत होतो. झोपलेल्या आजीनं ते एका दुपारी शिकवलं. फर्स्ट टच, म्हणजे आलेल्या बॉलला होणारा पायाचा पहिला स्पर्श, कानानं तपासता येतो, हे मला स्वतःलाही तेव्हाच उमगलं.

आता एक फरशी खडूनं आखलीय. बॉल तिच्यातच थांबला पाहिजे, बाहेर गेला तर गुण नाही.

भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला तिनं अनिकेत जाधवचं कात्रण चिकटवलंय. आपल्या कोल्हापूरचा हा गडी २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. कात्रणाला बॉल लागू द्यायचा नाही, हा तिचाच नियम, त्यामुळे पास आपोआप जमिनीलगत राहतो. कात्रण अजून शाबूत आहे.

रविवारी चुलतभाऊ येतो. तो दिलबहार संघाचा, ही पाटाकडील संघाची; दोन्ही कोल्हापूरचेच फुटबॉल संघ. दोन पाट आडवे ठेवून गोल करायचे, गोल फक्त डाव्या पायानं. या सामन्यात दोघंही जीव तोडून खेळतात, आणि डावा पाय एवढा वापरला जातो की वेगळा सराव लागत नाही.

वहीतले आकडे: डाव्या पायाचे दहा पास, त्यातले आखलेल्या फरशीत थांबलेले सुरुवातीला दोन, आता सात. जगलिंग, म्हणजे बॉल पायानं वर उडवत ठेवणं, चारवरून एकोणीसवर. जगलिंगला मी घाई केली नाही. एक टप्पा पडू द्यायचा, मग पुन्हा उचलायचा, असंच महिनाभर चाललं. टप्पा काढून टाकलाय तो गेल्या आठवड्यापासून. उजव्या पायावर अजून जास्त भिस्त आहे, ती मोडायचीय.

पुढच्या आठवड्यात मी बॉल हातानं वरून टाकणार, तिनं तो मांडीवर घेऊन फरशीवर उतरवायचा. मांडीवरचा आवाज लपवणं अवघड आहे. आईला विचारलं, दुपारची झोप अशीच चालू ठेवशील ना? म्हणाली, "पोरीचं काम झालं पाहिजे. मी झोपते."