वरातीची गाणी आणि जागलीची गाणी

मी बँडवाला. नेर-दारव्हा रस्त्याला आमचं गाव. अडीच एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर, विहिरीजवळच्या तुकड्यात हरभरा. पण लोक ओळखतात ते ट्रम्पेटमुळे. ट्रम्पेट वडिलांचा, मेरठचा. मधलं बटन पावसाळ्यात अडकतं, मग त्याला खोबरेल तेल.

हरभऱ्याला घाटे धरले की रोही आणि डुकरं येतात आणि आमची जागल सुरू होते. रात्रभर मचाणावर एकटा माणूस काय करणार? मी मोबाईलवर ट्रम्पेटवाले ऐकतो. त्यात क्लिफर्ड ब्राउन नावाचा, अमेरिकेतलं जॅझ वाजवणारा पोरगा सापडला आणि त्याचा माग काढत सारा वॉन या गायिकेपाशी पोचलो. लोक आधी बाई ऐकतात, मग बाजा. माझं उलटं झालं.

ज्या अल्बमबद्दल लिहितोय तो १९५४ सालच्या १६ आणि १८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झाला. नाव फक्त तिचं, 'सारा वॉन'. नंतरच्या आवृत्त्यांवर क्लिफर्डचंही नाव आलं. एकूण ९ गाणी. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बासरी, पियानो, बास आणि ड्रम, बस. आमच्या वरातीत याच्या दुप्पट माणसं असतात आणि तरी मागून कोणीतरी ओरडतं, आवाज वाढवा.

जॅझवाले काही गाण्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. म्हणजे सगळ्यांना पाठ असलेली, ज्याने त्याने आपापल्या परीने मांडायची. आमच्या धंद्यातही ती आहेतच. नागीण वाजल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागलं असं कोणी मानत नाही. तो 'नागीन' सिनेमाही १९५४चाच, आणि त्यातली पुंगी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या पेटीवर वाजवली होती. आमचे क्लॅरनेटवाले मास्तर ती वाजवताना डोळे मिटतात. भक्तीने नाही, कंटाळ्याने.

या अल्बममध्ये 'लल्लाबाय ऑफ बर्डलँड', 'एप्रिल इन पॅरिस', 'सप्टेंबर साँग' ही वरातीची गाणी, म्हणजे ठरलेली. 'एप्रिल इन पॅरिस' ऐकताना मला पहिल्यांदा हसूच आलं. आमचा एप्रिल म्हणजे पारा त्रेचाळीसच्या पुढे, अंगात गळ्यापर्यंत बटनं लावलेला लाल कोट, जरीचे खांदे आणि तोंडाला चटका देणारा माउथपीस. ही बाई मात्र त्या एप्रिलला इतक्या सावकाश गाते की प्रत्येक शब्दावर सावली पडते. 'सप्टेंबर साँग' मुळात नाटकातलं, १९३८चं. कुर्ट वाइलने ते वॉल्टर ह्यूस्टन या नटासाठी बांधलं, आणि तो काही गवई नव्हता. म्हणून चाल फार उंच जात नाही. तीच चाल या बाईच्या गळ्यात गेली की खालच्या सुरांना केवढी जागा होते! खालचा सूर म्हणजे विहिरीतून आवाज यावा तसा.

पण मी पुन्हा पुन्हा लावतो ते दुसरंच. 'जिम'. हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं नाही. एका बाईचा जिम आहे, तो तिला फुलं आणत नाही, तिच्या एकटेपणाची त्याला फिकीर नाही आणि ही तरी त्याला सोडत नाही. एवढंच. आमच्या गावात अशा दहा बाया दाखवीन. ठरलेल्या गाण्यात ऐकणारा आधीच पुढे पळत असतो, गाणारा त्याला गाठतो. अनोळखी गाण्यात तसं नसतं. ती जिकडे नेईल तिकडे मुकाट जावं लागतं. ती ओळ संपवताना सूर थोडासा वाकवते, सोडत नाही. आणि दोन ओळींमधल्या जागेत क्लिफर्ड बोलतो. बाई गात असताना तो तिच्या शब्दावर कधी चढत नाही. मी पंचवीस वर्षं वाजवतोय आणि गाणाऱ्या पोराच्या अंगावर चढूनच वाजवत आलो, कारण आम्हाला तसंच शिकवलं.

काही जागी त्याने ट्रम्पेटच्या तोंडाला बूच लावून वाजवलं आहे. मी स्टीलचा पेला लावून पाहिला. बायको म्हणाली, "पेला चेपला तं घरात येऊ नोका."

'एम्ब्रेसेबल यू'मध्ये तर ट्रम्पेटच नाही. नुसता पियानो, बास, ड्रम आणि ती. पहिल्या वेळी मी आपला वाट पाहत बसलो, आता येईल, मग येईल. गाणं संपलं. एवढा मोठा वाजवणारा हाताशी असून त्याला गप्प बसवलं! आमच्याकडे माणूस गप्प बसला तर त्याचा हिस्सा कापतात.

साराचं मूळ गाव न्यूयॉर्कशेजारचं न्यूअर्क. लहानपणी चर्चमध्ये गायली, पियानो वाजवला. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरातली हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकली, बक्षीस १० डॉलर आणि आठवडाभर तिथे गाण्याची संधी. माझी पहिली बिदागी वीस रुपये आणि द्रोणभर बुंदी.

क्लिफर्ड रेकॉर्डिंगच्या वेळी चोवीस वर्षांचा. जून १९५६ मध्ये फिलाडेल्फियाहून शिकागोकडे पुढच्या कार्यक्रमाला निघाला होता. रात्र, पाऊस, गाडी रस्ता सोडून गेली. पंचविसाव्या वर्षी संपला. वरात आटोपून रात्री दोनला आम्ही टेम्पोत ड्रमवर डोकी ठेवून परततो, तेव्हा मी आता ड्रायव्हरशेजारी बसतो. त्याच्याशी उगाच काहीबाही बोलत राहतो.

जागलीवर एकदा मोबाईल स्पीकरला जोडला. शेजारच्या वावरातून काकांनी आवाज दिला, "काय बे, तुह्या वावरात कोन रडून रायलं?"

"बाई गाऊन रायली काका, अमेरिकेतली."

"राहू दे मंग. डुकरं इकडं नाई आले आज."

काकांकडे नाही आले, माझ्याकडे आले. दोन तास खाली हरभऱ्यात चरून गेले आणि मी वर कानात जीव आणून बसलेलो.

फेब्रुवारीत एका लग्नात पंगत चालू होती. अशा वेळी बँडकडे कोणाचं लक्ष नसतं, मास्तर चहाला गेले होते. मी हळूच 'जिम'ची चाल काढली, जमेल तशी, अडकणाऱ्या बटनासकट. वाढणारी एक म्हातारी भाजीची बादली खाली ठेवून उभी राहिली.

"हे कोन्त्या पिक्चरचं?"

"पिक्चरचं नाई मावशी. एका बाईचं हाय."

"नवरा बरा दिसत नाई तिचा," ती म्हणाली, आणि बादली उचलून पुढच्या पानाकडे गेली.

मी दुसऱ्यांदा सुरुवात करणार तेवढ्यात नवरदेवाचे मामा मंडपाच्या दारातून आले. रुमालाचं एक टोक दातात धरलेलं, दुसरं हातात, गुडघे आधीच वाकलेले. मास्तरांनी चहाचा कप ठेवला आणि डोळे मिटले.