बुऱ्हाणपूरचा रुपया, बुऱ्हाणपुरात जाऊन

भुसावळ सोडून गाडी रावेरकडे निघाली की दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. रावेर मागे पडलं की थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी हीच. मुघल काळात सुरत-आग्रा व्यापारी मार्ग इथूनच जायचा आणि इथल्या टांकसाळीचा रुपया दूरवर चालायचा.

मी आधी जामा मशिदीत गेलो. फारुकींनी बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरलेला आहे. नाण्यांवरची फारसी वाचायला शिकणाऱ्याने इथे तासभर द्यावा. दगडावरची मोठी, पूर्ण अक्षरं डोळ्यात बसली की नाण्याच्या चकतीवरची तुटकी अक्षरं ओळखता येतात.

बुऱ्हाणपूरचा म्हणून औरंगजेबाचा चांदीचा रुपया हातात आला की पहिली अडचण याच तुटक्या अक्षरांची. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे काठाची अक्षरं बाहेर जातात. नुसतं ‘पूर’ दिसलं म्हणून बुऱ्हाणपूर समजू नये, विजापूरही तसंच संपतं. त्याआधीच्या ‘बुऱ्हान’मधली बे, रे, हे, अलिफ, नून या फारसी अक्षरांतली निदान दोन-तीन स्पष्ट दिसायला हवीत. टांकसाळीच्या नावावरच किंमत ठरते, म्हणून इथे घाई करू नका.

मग दोन्ही सनं जुळवा. एका बाजूला हिजरी सन, दुसऱ्या बाजूला जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचं वर्ष. औरंगजेबाच्या जुलूसची गणना हिजरी १०६८च्या रमजानपासून होते. हिजरी १११० असेल तर जुलूस ४२ किंवा ४३ यायला हवं. तिथे १५ दिसलं तर ते नाणं खाली ठेवा. दोन वेगळ्या नाण्यांच्या बाजू घेऊन ओतलेल्या नकलांत ही चूक हमखास सापडते.

औरंगजेबाच्या नाण्यांवरच्या मजकुरातला एक शब्द मला फार आवडतो. चांदीवर ‘बद्र’, म्हणजे पूर्ण चंद्र, आणि सोन्यावर ‘मिहर’, म्हणजे सूर्य. रुपयाला सोन्याचा मुलामा देऊन मोहोर म्हणून कुणी पुढे केली, तर हाच शब्द तिला उघडी पाडतो.

वजन साधारण ११.४ ग्रॅम भरावं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा जवळ ठेवा. नाणं दोऱ्याला बांधून, भांड्याला न टेकवता पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजनात सुमारे १.१ ग्रॅम घट आली तर मूळ वजनाला त्या घटीने भागल्यावर भागाकार १०.४च्या आसपास येतो, म्हणजे चांदी चांगली. जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नसलेला तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू असेल तर आकडा ८.५च्या जवळपास घुटमळतो. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा बिघडवतो, म्हणून पाण्यात ते हलकेच हलवून घ्या. सराफांनी पारखताना मारलेले छोटे छाप दिसले तर त्यांना खोट समजू नका. असं नाणं सहसा खरोखर बाजारात फिरलेलं असतं.

चिंच, लिंबू, राख यांनी नाणं घासू नका. जुना काळसर थर गेला की झळाळी येते, पण जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ कापडावर टिपून घ्या. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर कालांतराने हिरवा चिकट थर चढतो.

दुसऱ्या दिवशी असीरगड, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला खांडव्याच्या रस्त्यावर. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने हा किल्ला घेतला आणि त्याच्या स्मरणार्थ सोन्याची मोहोर पाडली. एका बाजूला ससाणा, दुसऱ्या बाजूला ‘ज़र्ब असीर’, म्हणजे असीरला पाडलेलं, आणि अकबराने सुरू केलेल्या इलाही सनाचं ४५वं वर्ष. नाण्यावर सजीव आकृती नको असा दंडक असलेल्या त्या काळात अकबराने पक्षी कोरवला, हे मला त्या विजयाइतकंच मोठं वाटतं. ही मोहोर अतिशय दुर्मीळ, आणि नकला मात्र भरपूर. त्यामुळे कुणी ससाणा विकायला आणला तर भिंगातून आधी पिसांच्या रेषा पाहा. ठशाने पाडलेल्या नाण्यावर त्या धारदार असतात, ओतीव नकलेवर बोथट आणि बारीक छिद्रांनी भरलेल्या.