बोटीवरच्या नवरदेवाचं नाक

फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात नाकासाठी येणारे म्हणजे सर्दीवाले, घोळणा फुटलेले आणि नाकात चिंचोका घातलेली पोरं. नाकाचा आकार बदलून मागणारे कमीच. त्यातला हा मुलगा लक्षात राहिला, कारण सोबत वडील होते आणि दोघांची नाकं एकाच साच्यातली होती.

मुलगा क्रूझ बोटीवर नोकरीला, वय २७, सुट्टीवर आलेला. लग्न दीड महिन्यावर, पत्रिका छापून तयार. नाकाच्या कण्यावरचा उंचवटा त्याला लग्नाआधी काढून हवा होता. होणाऱ्या बायकोशी सगळ्या गप्पा बोटीवरून व्हिडिओ कॉलवर झालेल्या, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत रोज स्वतःचंच नाक बघून तो कावला होता.

"लग्नाआधीच नाक कापून घ्यायला निघालाय," वडील म्हणाले. "माझ्या आजोबांपासून हेच नाक आहे. कुणाचं काही अडलं नाही."

मी त्याला भिंतीशी उभं केलं आणि पाच फुटांवरून कॅमेऱ्याने फोटो काढला. मग तो आणि त्याची सेल्फी शेजारी ठेवली. फूटभर अंतरावरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलंय. त्याने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

"पण उंचवटा तर आहेच ना, डॉक्टर?"

होताच. त्याचा हा प्रश्न मला आवडला. तक्रार एकच, नेमकी, शाळेपासूनची. मुलीने किंवा तिच्या घरच्यांनी चकार शब्द काढलेला नव्हता. अशा माणसाचं ऑपरेशन करायला माझी हरकत नसते. काही जण आज शेंडा दाखवतात, पुढच्या खेपेला नाकपुड्या, आणि दिवसाचे तास आरशापुढे घालवतात. त्यांना मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, कारण कितीही कोरलं तरी त्यांना नवं काहीतरी सापडतंच. शाळकरी मुलांनाही थांबवते. मुलींचं नाक पंधरा-सोळापर्यंत आणि मुलग्यांचं सतरा-अठरापर्यंत वाढत असतं.

मग आत टॉर्च मारला. दोन नाकपुड्यांमधला पडदा डावीकडे कललेला, डावी बाजू जवळजवळ बंद. शाळेत फुटबॉल खेळताना कोपर लागलं होतं, रक्त थांबलं म्हणून कुणाला दाखवलं नाही. तेव्हापासून तोंड उघडं टाकून झोपणं आणि रात्री नाक मोकळं करणारे थेंब. ते थेंब वर्षानुवर्षं घातले की नाक उलट जास्तच चोंदतं. डावा गाल बाहेर ओढून धरला तर श्वास सुटला. म्हणजे झडपेपाशी, नाकातल्या सगळ्यात चिंचोळ्या जागीही, अरुंद. नुसता उंचवटा घासला असता तर वरचं छप्पर आत बसून श्वास आणखी कोंडला असता. आधी पडदा सरळ करायचा, त्यातूनच काढलेल्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, पट्ट्यांचा आतून टेकू द्यायचा, मग वरचं काम.

आणि हे लग्नाआधी नाही, असं सांगितल्यावर तो चिडला. आठवडाभर नाकावर पट्टी, दोन आठवडे डोळ्यांखाली काळंनिळं, आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष. त्यात हळद, हार आणि मिठ्या मारणारे पाहुणे!

वडील निवृत्त मास्तर. "सुश्रुताला जमत होतं म्हणतात," ते म्हणाले. जमत होतंच. त्यानंतर कितीतरी शतकांनी कपाळाच्या कातडीचं नाक पुण्यात बनलं, त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती. पण ती नाकं कापली गेलेल्यांसाठी होती. इथे शाबूत नाकातलं थोडं कमी करायचं, आणि त्यात बिघडवायला भरपूर वाव असतो.

पुढच्या सुट्टीत तो बायकोला घेऊन आला. सिगरेट महिनाभर आधी सोडायला लावली. उंचवटा पूर्ण सपाट केला नाही. थोडा राहू द्या, असं तोच म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात शेंडा सुजलाय म्हणून फोटो पाठवले, अर्थातच फूटभरावरून काढलेले. पण थेंब सुटले होते आणि तो तोंड मिटून झोपत होता.

वैताग झाला तो विम्याचा. पडद्याचा खर्च मंजूर, बाहेरच्या आकाराचा नामंजूर. मास्तर बिल घेऊन माझ्यासमोर बसले. "टेबल एक, भूल एक, नाक एक, मग हिशेब दोन कसे?"

"श्वासाचे पैसे विमा देतो, दिसण्याचे नाही," मी म्हटलं.

त्यांनी वरची रक्कम मुलाच्या नावावर लिहायला सांगितली.