वरचे दात गेले, खालचे शाबूत

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या ओस पडतात. आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरं आजीपाशी राहतात. केजच्या माझ्या दवाखान्यात अशीच एक आजी चार वर्षांच्या नातवाला काखेत घेऊन आली. गाल टम्म सुजलेला, अंगात ताप.

तोंड उघडलं. वरच्या पुढच्या चारही दातांचे हिरडीलगत काळे खुंट उरलेले, एका दाढेखाली पू. खालचे पुढचे दात मात्र पांढरेशुभ्र. हे दिसलं की मी आधी बाटलीचं विचारते. चोखताना जीभ खालच्या दातांवर येते, तिथं लाळही भरपूर असते. वरच्या दातांना तो आडोसा मिळत नाही.

"चॉकलेटला हात लावू देत नाही बाई मी," आजी आधीच म्हणाली. "रात्री बाटलीत चहा देते. माय आठवते त्याला, निजतच नाही." दिवसा? तिनं बोटं मोजायला घेतली. उठल्यावर चहा-बिस्किट, अंगणवाडीतून आल्यावर बिस्किट, रडलं की पुडा. एका हाताची बोटं संपली, तशी ती गप्प झाली.

दातांचं खरं दुखणं इथंच आहे. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे जास्त महत्त्वाचं. दर वेळी तोंडातले जंतू तिचं आम्ल करतात. पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप (जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते.

"मग गूळ घालू का?" गूळही साखरच. बाटलीतला गोडवा रोज थोडा कमी करत साध्या पाण्यावर आणा, मधल्या वेळेला वरणात कुस्करलेली भाकर द्या, असं सांगितलं. पू काढून औषध दिलं. सूज उतरल्यावर ती दाढ काढायची ठरली.

आजीनं तिथूनच सुनेला फोन लावला. कोपीवरून, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीतून, तिचा एकच प्रश्न, "पक्के दात तरी चांगले येतील ना मॅडम?" सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागं पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती वाचवायला आपल्या हातात अजून दोन वर्षं आहेत, बाटली मात्र आजपासून बदला, असं मी तिला सांगितलं.