तेलाचा माल

लाकडी घाणे बसवून देणं हे माझं काम. मशीन विकणारा माणूस वेगळा, बँकेची फाइल करणारा वेगळा. मी सगळ्यांच्या शेवटी जातो. तोवर गिऱ्हाइकाने नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, शेड उभी राहिलेली असते आणि उद्घाटनाच्या पत्रिकाही वाटून झालेल्या असतात. मंगळवेढ्याकडच्या या ताईंचंही तसंच होतं. पतसंस्थेत बरीच वर्षं कारकुनी केली, घरात सगळ्यांसाठी बाजारचं तेल बंद करून घाण्याचं सुरू केलं, आणि मग आपलाच घाणा टाकायचं डोक्यात घेतलं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान मिळत होतं. पण ते कर्जाला जोडलेलं होतं, म्हणजे हप्ता आधी सुरू होणार होता. पाडव्याला उद्घाटन होतं. मी आदल्या दिवशी सकाळी पोचलो.

अर्धा दिवस घाण्याचा पाया बघण्यातच जातो. लोकांना वाटतं घाणा म्हणजे बटण दाबलं की फिरलं. पण उखळ एका बाजूला दोन मिलिमीटर जरी कलती राहिली तर लाट, म्हणजे उखळीत फिरणारं लाकडी मुसळ, त्या बाजूला जास्त घासते, सहा महिन्यांत लाकूड अंडाकृती होतं आणि तेल पेंडीतच राहायला लागतं. काँक्रीट नीट पिकलेलं नसेल तर फाउंडेशन बोल्ट आठवड्यात ढिले पडतात. इथे गवंड्याने काम चोख केलं होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण असं क्वचित होतं. ३ एचपीची मोटर, गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं ऑइल, बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून बघायचा आणि लाटेचे फेरे मिनिटाला बारा-तेराच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. "थोडा फास्ट करून द्या, दिवसाला दोन घाण्या जास्त निघतील," ही मागणी प्रत्येक ठिकाणी होते (घाणी म्हणजे एका वेळी गाळायला घातलेलं बी). वेग वाढवला, भार जास्त आवळला की तापमान ५०च्या पुढे जातं. मग बाटलीवर 'थंड पद्धतीने काढलेले' छापायचं ते कशाच्या जोरावर? लाकूड आहे म्हणून तेल आपोआप थंड राहत नाही. ४० ते ४५ अंशांत ठेवावं लागतं आणि त्यासाठी बंदुकीसारखा दिसणारा तापमापक विकत घ्यावा लागतो. तो फार महाग नसतो, तरी बहुतेक जण घेत नाहीत. ताईंनी घेतला होता.

नवीन उखळ पहिल्यांदा स्वतःच तेल पिते. पहिल्या दोन-तीन घाण्यांत उतारा, म्हणजे बियातून निघणारं तेल, कमी पडतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. म्हणून मी सुरुवातीला जुनी पेंड आणि थोडं तेल घालून तासभर फिरवून घेतो. नंतर ते सगळं फेकायचं. हे करून दुपारी दोनच्या सुमारास मी म्हणालो, आणा शेंगदाणा.

शेंगदाण्याची घाणी बघण्यासारखी असते. १५ किलो दाणे टाकले की पहिली दहा मिनिटं नुसता भरडा होतो. मग पाणी शिंपडायचं. १५ किलोला साधारण ३०० मिली, पण एकदम नाही, तीन-चार वेळा, हाताने. दाणा किती सुका आहे त्यावर ते कमीजास्त होतं आणि हे कुठल्याही माहितीपुस्तकात छापता येत नाही. कमी पडलं तर भुगा कोरडाच फिरत राहतो. जास्त झालं तर चिखल होतो आणि तेल त्यात अडकून बसतं, दुधासारखं पांढरट दिसतं. बरोबर पडलं की पेंड उखळीच्या भिंतीला धरायला लागते, मध्ये तेलाचं तळं दिसतं, आणि पाऊण तासाच्या आसपास खालच्या तोटीतून धार लागते.

इथे ती धार लागायची वेळच आली नाही. पोती उघडली तेव्हा वरचा दाणा ठीक होता. मी कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढली. त्यात सुरकुतलेले दाणे, तुटके, काही तपकिरी-काळपट, साल सुटलेले. एक जरा फुगीर दिसणारा दाणा घेऊन नखाने दोन फाकी केल्या. दोन फाकींच्या मधली जी पोकळी असते तिच्यात हिरवट-करडी बारीक लव होती. बाहेरून काही कळत नव्हतं. दुसरा फोडला, तो स्वच्छ. तिसऱ्यात पुन्हा तेच.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेंगदाणा निवडून, आकाराप्रमाणे काउंट लावून विकला जातो, एका औंसात चाळीस-पन्नास, पन्नास-साठ असा. चांगला माल भाजायला, चिक्कीला, निर्यातीला जातो. निवडून उरलेला जो राहतो, बारीक, फुटका, डागी, त्याला बाजारात 'तेलाचा माल' म्हणतात. मोठ्या मिलमध्ये तो चालून जातो, कारण पुढे रिफायनरी आहे. तिथे कॉस्टिकने धुलाई होते, ब्लीचिंगची माती वापरतात, आणि बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन त्या टप्प्यांत जवळजवळ निघून जातं. लाकडी घाण्यात ही सोय नाही. दाण्यात जे आहे त्यातलं काही तेलात उतरणार, विशेषतः बारीक गाळाबरोबर, आणि बरंचसं पेंडीत राहणार. कढईत तळून ते जात नाही. म्हणजे रिफाइंड तेलवाल्याला वाईट दाणा परवडतो, नैसर्गिक तेल काढणाऱ्याला अजिबात नाही. आणि बाजार मात्र घाणेवाल्याच्या हातात नेमका तोच माल ठेवतो.

ताईंनी जागेवरूनच व्यापाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. तो शांतपणे म्हणाला, "अहो, तेलातच जायचंय ना ते? खायला थोडंच घेताय तुम्ही!"

ताई म्हणाल्या, "मग मी काय पायाला चोळायला विकणाराय का तेल?"

पांढऱ्या धोतरावर एक किलो दाणे ओतले. त्यांच्या सासूबाई निवडायला बसल्या. मी नुसतं बघत होतो. त्या दाणा उचलत नव्हत्या, तळहाताने पसरून बोटाच्या टोकाने बाजूला उडवत होत्या, झपझप. काट्यावर ठेवलं तर किलोमागे ११० ग्रॅम वाईट. अकरा टक्के! आता कुणी म्हणेल, तेवढा निवडून टाका आणि बाकीचा वापरा. पाच-सहा टक्के असता तर मीही तेच म्हणालो असतो. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, म्हणून निवडण्याने खरोखर फरक पडतो. पण अकरा टक्के डोळ्याला दिसत असतील तर चांगल्या दिसणाऱ्यांतही लव असणार, आणि प्रत्येक दाणा कोण फोडून बघणार? तो खरिपाचा माल होता. काढणीच्या वेळी परतीच्या पावसात सापडला असावा. शेंग आठ-नऊ टक्के ओलाव्यापर्यंत सुकली नाही आणि तशीच थप्पीला लागली की हेच होतं.

प्रयोगशाळेत तपासता येतं. पुढच्या प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिनला किलोला १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पण नमुना मूठभर पाठवून उपयोग नसतो. प्रत्येक पोत्यातून वर-मध्ये-खाली असा काढून, निदान पाच किलो एकत्र दळून त्यातून द्यावा लागतो, नाहीतर तो एक वाईट दाणा नमुन्यात येतच नाही आणि कागद स्वच्छ येतो. शिवाय अहवालाला दिवस लागतात. आणि पाडवा उद्या.

घरात लगेच दोन तट पडले. यजमान म्हणाले, उद्या दोनशे माणसं येणार, प्रत्येकाला पाव लिटरची बाटली द्यायची कबूल केलीय, आता काय पाणी देऊ? सासरे म्हणाले, आमच्या लहानपणी कोण बघत होतं? माझ्या कंपनीचा सेल्समन फोनवर माझ्यावरच उखडला: तू मशीन चालवून दाखव, सही घे, दाण्याचं तुला काय पडलंय? एका अर्थी तो खोटं बोलत नव्हता. आमच्या ट्रायलच्या फॉर्मवर मोटरचा अँपिअर, फेरे, तापमान आणि तेल किती निघालं एवढेच रकाने आहेत. बी कसं होतं याला रकानाच नाही. आणि हाच सेल्समन गिऱ्हाइकाला ४५ टक्के उतारा सांगून मशीन विकतो.

ताई थोडा वेळ बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आत आल्या त्या थेट विचारत, "पेंड कुणी घेणाराय ना आपली?" गावातलाच एक म्हशीवाला होता, बोलणं झालेलं. "मग ते विष दुधात येणार की." त्यांना हे कुठून माहीत होतं कोण जाणे, पण बरोबर होतं. जनावराने खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरतं, आणि दुधासाठीची मर्यादा तर किलोला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. मुळात हे विष उजेडात आलं तेच पेंडीमुळे, १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या पेंडीवर पोसलेल्या टर्की लाखाच्या घरात मेल्या तेव्हा.

सहा पोती परत पाठवायचं ठरलं. सगळे त्यांच्या राजीनाम्याचं कौतुक करतात, 'केवढी हिंमत' वगैरे. माझ्या मते राजीनामा सोपा होता, तो लिहिताना पत्रिका वाटलेल्या नव्हत्या.

उद्घाटन करडईवर झालं. ओळखीच्या शेतकऱ्याकडे नुकतीच मळलेली करडई होती, भीमा जातीची. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीइतकीच करडईचीही. पण करडई घाण्याला छळते. साल जाड, कडक. सालासकट घातली तर १५ किलोला चारच किलोच्या आसपास तेल, वेळ जास्त, आणि उखळीचं लाकूडही जास्त झिजतं. रात्री अकरापर्यंत घाण्या काढल्या. दोनशे बाटल्या भरणं शक्यच नव्हतं. घाईत भरलं तर गढूळ जातं आणि लोकांना वाटतं गढूळ म्हणजे अस्सल. तो गाळ असतो. तोच कढईत फेस आणतो, करपतो, तेल लवकर खवट करतो. स्टीलच्या टाकीत तीन-चार दिवस शांत ठेवायचं, मग वरचं तेल दुहेरी मलमलीतून गाळायचं. म्हणून पाहुण्यांना बाटलीऐवजी चिठ्ठी दिली: पुढच्या रविवारी या, बाटली घेऊन जा. काहीजण नाराज झाले. एका काकांनी रिकामा डबा आणला होता, त्यात सुटं द्या म्हणाले. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. अर्थात निम्मे घाणेवाले ते सर्रास करतात.

आता हिशोब, कारण तो कुणी नीट सांगत नाही. दाणा १३० रुपये किलो धरा. शंभर किलोला १३,०००. गाळ वजा जाता खरा उतारा ४० टक्के, म्हणजे ४० किलो, सुमारे ४४ लिटर. पेंड ५७ किलो, ४० रुपयांनी २,२८०. कच्च्या मालाचाच खर्च लिटरला २४४ रुपये. आता त्यातून सहा किलो निवडून काढा. तेल ४१ लिटरवर येतं आणि खर्च २६३-६४वर. निवडणाऱ्या बाईची दोन दिवसांची मजुरी मिळवा, लिटरला आणखी पंधरा. म्हणजे सगळ्या भानगडीची किंमत ३५ रुपये. गिऱ्हाईक दुकानात येतं, 'नैसर्गिक हवं' म्हणतं, आणि शेजारच्या घाण्याचा दर ३० रुपयांनी कमी आहे हे ऐकवून निघून जातं. बाटलीवर कोलेस्टेरॉल नाही असं लिहिलं की मात्र खूश होतं. ते तर कुठल्याच वनस्पती तेलात जवळजवळ नसतंच. ताईंनी ते छापलेलं नाही, आणि विचारणाऱ्याला निवडून काढलेल्या दाण्यांचं ताट दाखवतात.

माझ्या डोक्यातून जात नाहीत ती ती सहा पोती. व्यापाऱ्याने क्विंटलमागे थोडे पैसे कापून परत घेतली. त्याने ती फेकली असतील यावर माझा विश्वास नाही. कुठल्यातरी घाण्यावर ती गेलीच असणार. आणि ताई दर महिन्याला साधारण पाच क्विंटल काढतात, तेव्हा निवडलेला तीस किलो वाईट दाणा साठतो. तोच व्यापारी तो पन्नास रुपयांनी मागतोय. मध्यंतरी बेल्ट बदलायला गेलो होतो तेव्हा यजमान हेच म्हणत होते, दीड हजार म्हणजे निवडणीची निम्मी मजुरी सुटते. ताई म्हणत होत्या, मग ती सहा पोती परत केली कशाला? दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, चुलीत घाला. पण ते दीड हजार माझ्या खिशातून जात नाहीत, आणि यजमानांनी तेच मला तोंडावर सांगितलं. पोतं अजून शेडच्या कोपऱ्यात आहे.